सार्वमताला शेजार नसतो

गेल्या हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या एका शहरात अनुवादावरच्या चर्चासत्राला गेले होते. माझा विषय होता तमिळ कथांमधले नातेवाचक शब्द. ज्या कथेचं उदाहरण मी देत होते त्यात दोन बायका एका घरात संसार करतात, त्यामुळे बोलणं साहजिकच समलिंगी जोडप्यांच्या हक्कांवर गेलं. अध्यक्षस्थानी एक ज्येष्ठ समीक्षक होते. माणूस सज्जन, वाचन दांडगं. समारोपात ते म्हणाले, "माझा कशालाच विरोध नाही. पण कुटुंब ही सगळ्या समाजाची संस्था आहे. आयर्लंडने सार्वमत घेतलं, आपणही घ्यावं. लोक हो म्हणाले तर पहिली टाळी मी वाजवीन." सभागृहाने लोकांची वाट न पाहता तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या.

मी गप्प बसले. परतीच्या गाडीत मात्र दीड दिवस उत्तर जुळवत होते. ते हे उत्तर.

आधी मी कुठून बोलते ते सांगते. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रेल्वेवर आडुतुरै नावाचं गाव आहे. तंजावरच्या मराठ्यांचा हा जुना मुलूख, पण आज गाव ओळखलं जातं ते भाताच्या संशोधन केंद्रामुळे. १९२२ पासून ते इथे आहे, आणि भाताच्या ज्या वाणांना 'एडीटी' म्हणतात ती आमच्या गावाच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं. इथल्या एका कौलारू घरात मी बारा वर्षं राहते आहे. घर माझं नाही, जिच्याबरोबर राहते तिच्या वडिलांचं. ती इथलीच. मी 'मराट्टी पोण्णु', म्हणजे मराठ्यांची पोर. पंचेचाळिशी उलटली तरी गल्लीला मी पोरच.

समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला तेव्हा केंद्र सरकारने लेखी सांगितलं, की ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे. आमच्या गावातला सगळ्यात मोठा राजकीय प्रश्न म्हणजे जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी वेळेवर सुटणार की नाही. उच्चभ्रूपणा सापडलाच तर माळ्यावरच्या भांड्यांमागे शोधावा लागेल.

आता सार्वमताचं बोलू. आपल्या राज्यघटनेत एखाद्या कायद्यावर देशभर सार्वमत घेण्याची तरतूद नाही. तरी मराठी माणसाला सार्वमत माहीत आहे, कारण त्याने ते एकदा अनुभवलं आहे आणि त्यात तो हरला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचं, हा प्रश्न. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. त्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला होता. तो कौल योग्य होता असं मी मानते, कारण निकाल काहीही लागला असता तरी त्याने प्रत्येक गोवेकराचं आयुष्य बदललं असतं. राज्य कोणतं, कारभाराची भाषा कोणती, राजधानी कुठे, हे सगळं प्रत्येकाच्या दारात येणार होतं. म्हणून प्रत्येकाला विचारलं.

हीच कसोटी आमच्या प्रश्नाला लावून पाहा. उद्या कायद्याने म्हटलं की आडुतुरैच्या या दोन बायका एकमेकींच्या कुटुंबातल्या आहेत, तर समीक्षकसाहेबांच्या घरात काय बदलेल? त्यांचं लग्न, त्यांची मुलं, त्यांचा वारसा, सगळं आहे तिथेच राहील. कायद्याने 'नाही' म्हटलं, तर आमच्या घरात मात्र बरंच काही अडून राहील. ज्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला त्या उत्तराची काहीच किंमत मोजावी लागत नाही, त्यावर मत मागणं म्हणजे फुकटात न्यायाधीश नेमणं.

आयर्लंडचं उदाहरण हमखास दिलं जातं, म्हणून तेही पुरतं पाहू. २२ मे २०१५ रोजी आयरिश मतदारांनी ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. मला त्याचा आनंदच आहे. लोक गावोगाव फिरले, दारं ठोठावली, आपली गोष्ट सांगितली, आणि त्यातून समाज बदलला, हेही खरं. पण तिथे सार्वमत घेतलं गेलं कारण त्यांच्या घटनेत कोणतीही दुरुस्ती सार्वमताशिवाय होतच नाही. आणि त्याच आयर्लंडने १९८६ साली घटस्फोटावरही सार्वमत घेतलं होतं. ६३ टक्क्यांहून जास्त लोक 'नको' म्हणाले. नऊ वर्षांनी, १९९५ साली, पुन्हा विचारलं. तेव्हा जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने 'हो' आलं. मधली नऊ वर्षं मोडलेल्या संसारात अडकलेल्या बायकापुरुषांनी काय करायचं होतं? शेजाऱ्यांचं मन वळेपर्यंत थांबायचं. हे आयर्लंड आमच्या व्यासपीठांवर कोणी सांगत नाही.

स्लोव्हेनिया हा वीस लाख वस्तीचा देश. तिथल्या संसदेने नवा कुटुंब कायदा केला, त्यात समलिंगी जोडप्यांना काही हक्क दिले. मार्च २०१२ मध्ये सार्वमतात तो पडला. संसदेने पुन्हा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये तोही सार्वमतात पडला. त्या दिवशी मतदान झालं सुमारे ३६ टक्के, आणि त्यातले सुमारे ६४ टक्के विरोधात. हिशेब केला तर एकूण मतदारांपैकी चौथा हिस्साही विरोधात नव्हता. बाकीचे बहुतेक घरी बसले होते, कारण त्यांचं काहीच अडलं नव्हतं. शेवटी २०२२ साली तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की हा भेदभाव घटनेत बसत नाही. म्हणजे दहा वर्षं लोकांना विचारून झाल्यावर उत्तर मिळालं ते न विचारता.

तैवानची गोष्ट तर अनुवादकाने जपून ठेवावी अशी आहे. तिथल्या न्यायालयाने २०१७ साली सरकारला दोन वर्षांची मुदत दिली. मध्ये, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सार्वमत झालं आणि मोठ्या बहुमताने लोकांनी सांगितलं की दिवाणी कायद्यातलं लग्न स्त्रीपुरुषांपुरतंच ठेवा. सरकार कात्रीत सापडलं. मे २०१९ मध्ये कायदा झाला, पण त्याला नाव काय द्यायचं? 'विवाह' म्हटलं तर एक बाजू भडकणार, नुसतं 'सहजीवन' म्हटलं तर दुसरी. म्हणून कायद्याच्या नावात फक्त न्यायालयाच्या त्या निवाड्याचा क्रमांक आला, ७४८. लोकांना विचारल्याचा परिणाम असा, की कायदा झाला पण त्याच्या मथळ्यात नात्याला शब्दच उरला नाही.

आता आपल्याकडे या. "आधी समाज तयार होऊ द्या" हे वाक्य मराठीत नवं नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करायचं, एवढीच मागणी. टिळकांनी कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा, की सुधारणा परक्या सरकारच्या कायद्याने नको, लोकांच्या संमतीने व्हावी. परकं सरकार हा मुद्दा पोकळ नव्हता. पण ज्या 'लोकांची' संमती घ्यायची होती त्यांत दहा वर्षांची मुलगी कुठेच नव्हती. साठ वर्षांनी हिंदू कोड बिलाच्या वेळी परकं सरकार गेलं होतं, तरी तोच सूर निघाला: निवडणूक होऊ द्या, लोकांचा कौल घ्या. बिल रखडलं, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मसिद्ध वाटा तमिळनाडूने १९८९ साली दिला, महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राने २००५ साली. कावेरीच्या मुखाकडे, किंवा कृष्णाकाठी, सातबाऱ्यावर नाव असलेल्या भावांचं त्या वेळी सार्वमत घेतलं असतं तर काय निकाल लागला असता? मला वाटतं, समीक्षकसाहेबांनाही ठाऊक आहे.

आणि लग्न म्हणजे काय, हेही इथे एकदा बदललं आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पेरियार रामसामी यांच्या चळवळीत 'सुयमरियादै', म्हणजे स्वाभिमान विवाह लागू लागले. भटजी नाही, होम नाही, मुहूर्त नाही. मराठी वाचकाला सत्यशोधक लग्नं आठवतील. ती १८७३ पासून लागत होती, आणि बुडालेल्या दक्षिणेसाठी गावजोशी कोर्टात गेले होते. तमिळ मुलखात प्रकरण त्याहून पुढे गेलं. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने अशा एका विवाहाबद्दल निकाल दिला की तो कायद्याने विवाहच नव्हे. पंचवीस वर्षं भाकऱ्या भाजलेल्या, पोरं वाढवलेल्या किती बायकांचं लग्न एका निकालाने हवेत लटकलं असेल, याची कल्पना करा. १९६७ साली अण्णादुरैंचं सरकार आलं आणि विधानसभेने हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातलं. आधी झालेली लग्नंही त्याने वैध ठरवली. कोणी सार्वमत मागितलं नाही.

हे कलम मी अनेकदा वाचलं आहे. ते म्हणतं, नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांच्या समक्ष दोघांनी, दोघांनाही समजेल अशा भाषेत, एकमेकांचा स्वीकार जाहीर करावा. किंवा हार घालावा, किंवा अंगठी, किंवा ताली बांधावी. 'दोघांनाही समजेल अशा भाषेत' हे शब्द कायद्यात आहेत! मराठी बाई आणि तमिळ बाई यांची इतकी काळजी दुसऱ्या कोणत्या कायद्याने घेतलेली मला माहीत नाही. अडचण पुढच्या दोन शब्दांची आहे: 'पती' आणि 'पत्नी'. त्यातही २०१९ साली मदुरैच्या खंडपीठाने तूत्तुक्कुडीच्या एका जोडप्याच्या खटल्यात सांगितलं, की 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्रीही येते. शब्द तोच राहिला, दार उघडलं.

शब्द असेच रुंद होतात. आपल्या आजोबांच्या पिढीत 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणजे बायको माहेरी गेली आहे. खेड्यात नवरा 'मालक' होता, इथे तमिळमध्ये तो 'वीट्टुक्कारर्' आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ घरमालक. यातला एकही अर्थ कोणी मतदानाने ठरवला नाही, मतदानाने बदललाही नाही.

माझ्या धंद्याशी मी एकदाच बेइमानी केली आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. रात्रीचे अकरा वाजले होते. इस्पितळातल्या कागदावर एक रकाना होता, 'उरवुमुरै', म्हणजे नातं. मी लिहिलं 'सगोदरी', बहीण. कारकुनाने माझं नाव वाचलं, तिचं वाचलं, माझ्या तमिळचा हेल ऐकला, आणि काही न बोलता शिक्का मारला. वीस वर्षांत जाणूनबुजून केलेलं हे माझं एकमेव चुकीचं भाषांतर. त्या कारकुनाची मी ऋणी आहे. पण दुसऱ्याच्या कानाडोळ्यावर कोणाचं घर उभं राहू नये.

आता शेजारणीचं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यापाशी येऊन थांबतं.

शेजारच्या पाट्टीचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं आहे. मराठी वाचक दचकेल. आपल्याकडे मामाची मुलगी चालते, मामा नाही चालत. हिंदू विवाह कायद्यातही मामा-भाची हे निषिद्ध नातं आहे. पण त्याच कायद्यात पुढे लिहिलं आहे, दोघांची रूढी परवानगी देत असेल तर चालेल. म्हणून या घरात जे पन्नास वर्षं पवित्र आहे, ते साताऱ्याच्या घरात रद्दबातल ठरेल. देशभर सार्वमत घेतलं असतं, "मामाने भाचीशी लग्न करावं का?", तर पाट्टीचं लग्न प्रचंड बहुमताने मोडलं असतं. कायद्याने तसं विचारलं नाही. इथे माणसं कशी राहतात ते पाहिलं आणि एका अटीत तिच्यासाठी जागा करून ठेवली.

चर्चासत्राहून आल्यावर मी पाट्टीलाच विचारलं. ओसरीवर ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, "पाट्टी, उद्या मतपेटी आली, आणि विचारलं की दोन बायकांचं घर सरकारने मान्य करावं का, तर तुम्ही काय म्हणाल?"

"नाही म्हणेन," ती सूप न थांबवता म्हणाली. "असल्या गोष्टी कशाला हव्यात सरकारात?"

"मग आमचं घर?"

तिने वर पाहिलं. मी काहीतरी खुळचट विचारल्यासारखं. "तुमचं काय त्यात? तुम्ही तर इथल्याच."

पाट्टी खोटं बोलत नव्हती, दोन्ही वेळा नाही. मतपेटीपुढे तिच्या डोळ्यांसमोर आम्ही नसतो. टीव्हीवर पाहिलेलं, ऐकलेलं, भीती घातलेलं काहीतरी असतं. ओसरीवर मात्र आम्ही असतो: पावसात तिचे पापड आत उचलणाऱ्या, तिच्या गोळ्या कुंभकोणमहून आणणाऱ्या. सार्वमत तिला पहिला प्रश्न विचारतं, दुसरा कधीच विचारत नाही. सार्वमताला शेजार नसतो.

त्यानंतर महिन्याभराने तिने, म्हणजे माझ्या जोडीदारणीने, मृत्युपत्र नोंदवलं. कारण साधं आहे. घर तिला वडिलांकडून आलं. हिंदू वारसा कायद्याच्या १५ व्या कलमानुसार, मूल नसलेल्या बाईला आईवडिलांकडून मिळालेली मिळकत तिच्यामागे वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे उद्या काही झालं तर घर तिच्या चुलतभावांचं. गेल्या दहा वर्षांत त्यांतला एकही या उंबऱ्यावर आलेला नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पाट्टी आणि तिचे 'मामा' रिक्षाने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आले. दोघांनी सह्या केल्या, आणि येताना तिने आम्हालाच कॉफी पाजली.

इथे समीक्षकसाहेब म्हणतील: बघा, समाज समजूतदार आहे, मग कायदा कशाला हवा? कारण मृत्युपत्र माणूस मेल्यावर बोलतं. इस्पितळाच्या काउंटरवर ते मुकं असतं. आणि त्यात मी कुटुंबातली होत नाही, केवळ एक लाभार्थी होते. जिला घर मिळालं अशी कुणीतरी बाई. चुलतभाऊ ते आव्हानही देऊ शकतात.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी हेही की विवाहाखेरीज वेगळ्या नात्याची कायदेशीर मान्यता देणं हे विधिमंडळाचं काम. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, २०२४ साली, केंद्राने काही पत्रकं काढली. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले धरावं, बँकेत संयुक्त खातं उघडू द्यावं, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. म्हणजे आम्ही एकत्र जेवावं, एकत्र पैसे ठेवावेत आणि शेवटी प्रेत न्यावं, इतपत मान्य आहे. मधलं आयुष्य तेवढं राहिलं.

वाट नाही असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी राज्य सरकारला सुचवलं, की अशा जोडप्यांसाठी कुटुंबसंबंधाचा नोंदणीकृत करारनामा करण्याची सोय करावी. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीकडे जायला मोकळीक देताना म्हटलं, की कुटुंब उभारण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही. निवडलेलं कुटुंबही असतं. आणि विवाह, वारसा, मृत्युपत्र हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. म्हणूनच १९६७ साली मद्रासला ७-अ करता आलं. आज चेन्नईची विधानसभा हे करू शकते, मुंबईची करू शकते. केंद्राच्या कायद्याशी विसंगत झालं तर राष्ट्रपतींची संमती लागेल. ७-अ लाही ती मिळालीच होती.

तेव्हा साहेब, टाळी राखून ठेवू नका. तुम्हाला खरंच विरोध नसेल तर आपल्या आमदाराला एक पत्र लिहा, की राज्याने सहजीवनाची नोंदणी सुरू करावी. पत्राला देशभराचं बहुमत लागत नाही, एक सही पुरते. आमच्या पाट्टीने केली, आणि तिचा तर विरोध आहे.